गोळी घेतली आणि जेवण राहिलं

त्या वर्षी मी सारखा दमलेला असायचो. सकाळी दुकानाच्या गादीवर बसलो की दुपारपर्यंत वाटायचं, कुणीतरी आपल्याला ओल्या धोतरासारखं पिळून टाकलंय. फळीवरून कापडाचा तागा खाली घ्यायचा म्हटलं तरी खांदे भरून यायचे. तहान अशी, की पाण्याचा माठ मी गादीशेजारीच आणून ठेवला होता. उन्हाळा आहे, असं सगळ्यांना सांगायचो. बीडचा उन्हाळा तसा कुणालाच सोडत नाही. पण पाऊस येऊन गेला, थंडी पडली, तरी माठ काही जागचा हलला नाही.

शेवटी बायकोनंच मला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी कागद बघून म्हणाले, "मधुमेह आहे. साखर बरीच वाढलीय."

मी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. हे दुखणं पेढे खाणाऱ्या बड्या लोकांचं, अशी माझी समजूत. आमच्या घरी गोड म्हणजे सणाची पोळी आणि यात्रेतले बत्तासे. तसं मी म्हणालोही. डॉक्टर हसले नाहीत. "नुसतं गोड खाल्ल्यानं होतं असं नाही. घरात आधी कुणाला होतं?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "मामंजींच्या पायाची जखम भरलीच न्हाई की." माझे वडील पायात बाभळीचा काटा मोडल्याचं निमित्त होऊन गेले. पाय काळा पडत वर वर गेला. आम्ही इतकी वर्षं त्या काट्यालाच दोष देत होतो.

डॉक्टर मग बराच वेळ सांगत राहिले. भात कमी, भाकरी चालेल पण मोजकी, रोज चालायचं, पायाला जपायचं, जेवणाआधी ही गोळी. मी मान हलवत होतो आणि मनात वडिलांचा पाय येत होता. बायको मात्र सगळं ऐकत होती. निघता निघता तिनं विचारलं, "साखर वाढली तर काय होतं त्ये कळलं. पण गोळीनं लईच कमी झाली तर?"

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट बघितलं. "बरं विचारलंत. घाम फुटतो, हात कापतात, भूक लागते. माणूस भलतंच बोलायला लागतो, चिडतो. वेळ गेला तर बेशुद्ध पडतो. म्हणून गोळी घेतली की जेवलंच पाहिजे. आणि तसं कधी झालं तर लगेच साखर द्यायची. गिळता येत असेल तर साखरेचं पाणी."

"साखरच?"

"साखरच. तिथं घाबरायचं नाही."

आमचं दुकान जुन्या बाजारात, दुकानाच्या मागं घर. वडिलांच्या माघारी मी आणि थोरले बंधू मिळून बघत होतो. त्यांना मी अण्णा म्हणतो. त्या रात्री जेवताना मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "ह्ये घराबाहेर जाता कामा नये."

"कावून?"

"पोरगी लग्नाला आली. बापाला असलं दुखणं, आज्याबी त्यानंच गेला, असं कळल्यावर कोण करील सोयरीक? पोरीच्याबी अंगात आसंल म्हणतील."

माझी एकुलती एक मुलगी तेव्हा बीएच्या वर्गात होती. अण्णा-वहिनींना स्वतःचं मूल नव्हतं, अण्णांचा जीव तिच्यात अडकलेला. ते वाईट बुद्धीनं बोलत नव्हते. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

तेव्हापासून आमच्या घरात एक चोरटा संसार सुरू झाला. घरी साखर मोजायचं यंत्र तेव्हा आमच्यासारख्यांकडं कुठलं? डॉक्टरांनी एक निळं औषध दिलं होतं. काचेच्या नळीत ते औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर बरं. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर मग दिवसभर बायकोचं तोंड बघवायचं नाही. सकाळी देवपूजेच्या आधी मोरीशेजारी बसून ती हे करायची. खिडकी लावून. शेजारची बाई एकदा म्हणाली, तुमच्या घरातून रोज दवाखान्याचा वास येतो. बायकोनं सांगितलं, "ढेकणाचं औषध मारतोय."

दुकानात तर आणखी कठीण. कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक आलं की चहा आलाच, आणि गिऱ्हाइकानं कप उचलला की दुकानदारानंही उचलायचा. नको म्हटलं की पुढचा माणूस कप खाली ठेवतो आणि कापडही खाली ठेवतो. हॉटेलातला तो पाकासारखा चहा मी दिवसातून किती वेळा ओठाला लावत होतो, ते मलाच माहीत नाही. बिनसाखरेचा मागवायचा तर कारण सांगावं लागलं असतं. मग घरी नळी विटकरी व्हायची, आणि बायको भाकरी आणखी लहान करायची. तिला कळत नव्हतं की एवढं करून साखर येते कुठून. मला कळत होतं, पण तिच्यापुढं बोलायचा धीर नव्हता.

ते दिवसही तसेच होते. समोरच्या गल्लीत काचेचं दार असलेलं रेडिमेडचं दुकान झालं होतं. कापड घेऊन शिंप्याकडं हेलपाटे घालायला पोरं कंटाळायला लागली होती. आमचा भार उरला होता तो लग्नाच्या बस्त्यावर. नवऱ्याकडची, नवरीकडची माणसं जीपमध्ये दाटीवाटीनं यायची, गादीवर मांडी घालून बसायची, आणि नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं एकाच जागी घ्यायची. बस्ता एकदा बसला की संध्याकाळ होते. त्यात दुकानदारानं उठून जायचं नसतं. उठला की माणसांचं मन उठतं.

वैशाखातली गोष्ट. मी नेहमीप्रमाणे जेवणाआधीची गोळी घेतली, आत पान वाढलेलं होतं, आणि दाराशी जीप थांबली. मांजरसुंब्याच्या पलीकडच्या गावचा बस्ता. चांगलं, जुनं गिऱ्हाईक. मी बायकोला हातानंच खूण केली, थांब, येतो. येतो म्हणजे कधी, ते काही आपल्या हातात नसतं. त्यांनी आधी आहेराच्या साड्या काढायला लावल्या. मग चहा आला, आणि नेमका त्या दिवशी मी कप नुसता बाजूला ठेवला. आदल्या दिवशीच बायको माझ्या साखरेपायी रडली होती.

पुढचं मला तुटक आठवतं. धोतरजोड्यांचे ढीग समोर होते. त्यांचे काठ हलायला लागले. तळहात ओले झाले. उकाडा म्हणून मी पंखा मोठा करायला सांगितला. एवढी भूक लागली होती, की समोरच्या म्हाताऱ्याच्या हातातली सुपारी हिसकावून घ्यावीशी वाटली. मग मी शर्टाचं कापड फाडायला घेतलं आणि मोजता मोजता आकडाच विसरलो. पुन्हा मोजलं, पुन्हा विसरलो. नवऱ्याचे मामा म्हणाले, "सावकाश घ्या, शेट." इथपर्यंत माझं. यानंतरचं दुसऱ्यांनी सांगितलेलं.

मी म्हणे त्या मामांकडं रोखून बघितलं आणि ओरडलो, "तुला काय कळतं बे कापडातलं?"

आयुष्यात मी गिऱ्हाइकाला अरे-तुरे केलेलं नाही. बे तर आम्ही धाकट्या भावाबंदांतसुद्धा जपून वापरतो. मामा पन्नाशीचे, फेटा बांधलेले, मान घ्यायला आलेले. ते उभेच राहिले. मी मग हातातली कात्री फेकली, ती सुदैवानं कुणाला लागली नाही, आणि हसत हसत ताग्यांवर कलंडलो. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, जीभ जड झालेली. कुणीतरी म्हणालं, "टाकून बसलाय." दुसरं म्हणालं, "कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आन दिवसाढवळ्या पितोय!" बायका आधी खाली उतरल्या. मग सगळीच उठली. समोरच्याच दुकानात जाऊन बसली.

अण्णा आतून धावत आले. त्यांनी आधी काय केलं असेल, तर दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मग मला हलवायला लागले. तेवढ्यात माझी बायको दुकानात आली. ती कधी दुकानात येत नसे. मोठ्या दिरापुढं ती वीस-बावीस वर्षांत डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरलेली, त्यांच्याशी बोलायचं तर दाराआडून किंवा मुलीच्या तोंडून. तिच्या एका हातात साखरेचा डबा होता, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या.

डबा बघून अण्णांनी तिचा रस्ताच अडवला. "साखरंच्या माणसाला साखर? मारती का त्याला?"

तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "भाऊजी, बाजूला व्हा."

अण्णा बाजूला झाले. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, बोटानं गालाच्या आत साखर चोळली, आणि मी गिळायला लागलो तसं साखरेचं पाणी थोडं थोडं पाजत राहिली. शटरच्या खालून लोकांचे पाय दिसत होते.

मला जाग आली तेव्हा तोंडात गोड चव होती आणि मला रडू येत होतं. का, ते माहीत नव्हतं. अण्णांनी रिक्षा आणली. डॉक्टरांनी तपासलं, मला फार काही बोलले नाहीत, तिला एवढंच म्हणाले, "तुम्ही वेळ घालवला नाही, म्हणून हे बसलेत समोर." बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "तुला कसं आठवलं?" ती म्हणाली, "इचारलं होतं ना मी त्यांना. तुमी तिथंच व्हता की."

दुखणं एका दुपारचं. बोभाटा मात्र वाऱ्यासारखा पसरला. आठवडाभरात कापडबाजारात सगळ्यांना कळलं, की अमक्या दुकानातला धाकटा पितो. लातूरकडचं एक स्थळ मुलीसाठी जवळजवळ ठरत आलं होतं. मध्यस्थाचा फोन आला, आमच्या शेजारच्या एसटीडी बूथवर. "पाहुणे जरा थांबू म्हणतात." थांबू म्हणजे नको, हे सगळ्यांनाच कळतं.

मी अण्णांना म्हणालो, "आता खरं सांगून टाकू."

अण्णा म्हणाले, "दारू सुटती. साखर न्हाई सुटत. पिणाऱ्याची पोरगी लोक करतात, दुखणेकऱ्याची करत न्हाईत."

आणि त्यांनी जे सुचवलं, ते ऐकून मला हसावं की डोकं आपटावं कळेना. त्यांचं म्हणणं, समाजातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन कपिलधारला जायचं, आणि तिथं आम्ही मानतो त्या संताच्या समाधीपुढं मी शपथ घ्यायची, की आजपासून दारू सोडली. म्हणजे विषय मिटला. जी मी कधी हुंगलीही नव्हती ती सोडायची. बायको ते ऐकून नुसती कपाळावर हात ठेवून बसली. पण मी इतका थकलो होतो, की चला म्हणालो. कुठल्याही गोष्टीचा शेवट होतो आहे ना, मग तो खोटा का असेना, असं वाटायला लागलं होतं.

एका सोमवारी गेलो. जेठाच्या तोंडी तिथल्या धबधब्याला पाणी नव्हतं, खडकावर नुसती ओल. पायऱ्या उतरतानाच मला दम लागला आणि मी कठड्यावर बसलो. ते दोघं वडीलधारे पुढं जाऊन माझ्यासाठी थांबले. दोघं वयानं माझ्या वडिलांएवढे, वडिलांना ओळखणारे. त्यातले एक मागं आले आणि मऊपणानं म्हणाले, "कवापासून घेतोस, लेका?"

त्या आवाजानं मला बोलतं केलं. मी म्हणालो, "काका, मी कधी घेतलीच न्हाई. मला साखर हाय. त्या दिवशी गोळी घेतली आन जेवण राहिलं."

अण्णांनी मान फिरवली. म्हाताऱ्यांनी विचारलं, "म्हंजे ती मुंग्या लागायची बिमारी? लघवीला मुंग्या लागतात ती?"

"तीच."

"तुझ्या बापाच्या मोरीत मुंग्या व्हत्या," ते म्हणाले. "मी बघितल्यात. आमी म्हणायचो, चुलीपाशी गूळ सांडत आसंल." मग ते माझ्या शेजारी बसले. आम्ही दर्शन घेतलं. शपथ कुणीच मागितली नाही. परत येताना त्यांनी मला सगळं विचारून घेतलं, अगदी गोळीचा रंगसुद्धा. त्यांनी ते गावभर सांगितलं असणार, कारण महिन्याभरात माझ्या पिण्याची चर्चा थांबली आणि माझ्या साखरेची सुरू झाली. लोक दुकानात येऊन उपाय सांगायचे. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बिया, कडुनिंब. मी सगळ्यांचं ऐकायचो. त्या नवऱ्याच्या मामांकडं मी स्वतः जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, झालं गेलं. पण त्यांच्या घरचा बस्ता पुन्हा आमच्याकडं आला नाही.

एक झालं, दुकानात मला उघडपणे चहा नाकारता यायला लागला. गोळी घेतली की मी गिऱ्हाइकासमोरच ताट मांडून बसायचो. काही जण नाक मुरडायचे. काही जण म्हणायचे, जेवा निवांत, आमी बसतो.

मुलीचं जमायला मात्र वेळ लागला. दोन ठिकाणांहून नकार आला, कारण कुणी सांगितलं नाही. तिसरे पाहुणे अंबाजोगाईचे. अण्णांनी त्या दिवशी मला बजावलं, निदान पहिल्या बैठकीत तरी विषय नको. मी गप्प बसायचं कबूल केलं. मुलगी पोहे घेऊन आली, मग चहा. ट्रेमधले कप सगळ्यांना दिले, आणि एक कप वेगळा उचलून माझ्यासमोर ठेवला. "अप्पा, ह्यो तुमचा. बिनसाखरेचा."

अण्णा छताकडं बघायला लागले. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली आणि मला विचारलं, "लई दिवस झाले का?"

"झाली दोन वर्षं."

"माझ्या भावालाबी हाय," त्या म्हणाल्या. "काय काय खाता तुमी?"

मी बायकोकडं बोट दाखवलं. पुढचा सगळा वेळ त्या दोघी भाकरी, डाळ आणि पायाच्या भेगा यांवर बोलत होत्या. मुलीला कुणी स्वयंपाक येतो का विचारलंच नाही. होकार त्यांनी बराच उशिरा कळवला, आणि मधल्या काळात मुलीचं रक्त तपासून घ्या म्हणून निरोप पाठवला. मला ते झोंबलं. मुलगी म्हणाली, "इचारू द्या की, अप्पा. खरं आसंल ते कळंल." तपासलं. काही निघालं नाही. लग्न झालं.

आता सगळं मोकळं झालं, असं मला वाटलं होतं. लोकांपासून लपवायचं संपलं, हे खरं. पण दुखणं होतं तसंच राहिलं. रोज सकाळी ते नव्यानं सुरू व्हायचं. चाला, मोजून खा, पाय बघा, गोळी, जेवण, पुन्हा गोळी. एखाद्या दिवशी सगळं नीट करूनही साखर वाढायची, आणि एखाद्या लग्नात जिलेबी खाऊनही काही व्हायचं नाही. त्याला न्याय नव्हता. मी चिडायचो तो बायकोवर. एकदा ताटातला भात बघून मी म्हणालो, "एवढासा? मांजराला वाढलाय का?" ती शांतपणे म्हणाली, "मला तुमच्या साखरेतनं चार दिवस सुट्टी द्या."

मला वाटलं रागानं म्हणतेय. पण दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली आणि पाटोद्याकडं, माहेरी गेली. मुलगी सासरी, अण्णा-वहिनी यात्रेला. घरात मी एकटा. पहिल्या दिवशी मी भाकरी थापायला गेलो आणि ती तव्यावरच तुटली. दुसऱ्या दिवशी गोळी घेतल्याचं आठवेना, घेतली की नाही यावर तासभर विचार केला. शेवटी घेतली नाही, आणि दिवसभर भीती. पायाच्या बोटांमध्ये बघायचं तर वाकवेना, आरसा जमिनीवर ठेवून बघितलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, की मी दिवसभर दुसरा काही विचारच केला नाही. आणि ती हे वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शरीरासाठी करत होती.

ती परत यायच्या दिवशी मी तिला घ्यायला मांजरसुंब्याला गेलो. पाटोद्याकडची गाडी पुढं अंबाजोगाईला जाते, बीडसाठी मांजरसुंब्यालाच उतरावं लागतं. ढाब्यांसमोर ट्रक लागलेले, धुरळा, कर्कश गाणी. ती उतरली तेव्हा चेहरा टवटवीत होता. मला बघून म्हणाली, "तुमी कावून आलाव उन्हाचं?"

"असाच."

बीडची गाडी यायला वेळ होता. आम्ही ढाब्याच्या बाकड्यावर सावलीला बसलो. मी विचारलं, काय केलं माहेरी? "झोपले," ती म्हणाली. "जेवायचे आन झोपायचे. भावजय म्हणाली, आजारी हाय का. मी म्हणलं, न्हाई, आजारी माणूस घरी हाय."

ती हसली, मीही हसलो. मग मी म्हणालो, "मी लई दमलो."

"चार दिवसांत?"

"व्हय."

ढाब्यावाल्याला तिनं एक चहा सांगितला, स्वतःसाठी, आणि सावकाश, पूर्ण प्यायली. मी शेजारी बसून होतो. गाडी आली तेव्हा तिची पिशवी मी उचलली. ती जड होती, माहेरच्या ज्वारीच्या पिठानं भरलेली. आत बसायला एकच जागा होती. ती म्हणाली, तुमी बसा. मी म्हणालो, तू बस. कंडक्टर ओरडला तशी ती बसली, आणि मी दांडी धरून बीडपर्यंत उभा आलो.